लाखेतली मोकळी जागा

“मेल्यान परत सुकलेला पान आणल्यान. ह्या केवड्याचा पान काय खराट्याचो हीर?”

अगदी कानाशी. तृप्तीने हेडफोन ओढून काढला आणि दचकून मागे पाहिलं. मागे आईची लेथ होती, लेथवर आईनेच कधीतरी टाकलेली जुनी चादर होती आणि चादरीवर मांजर. कुरकुर करणाऱ्या बाईला जाऊन वर्ष होत आलं होतं. आवाज आला होता तो टेबलावरच्या लाल-पिवळ्या भोवऱ्यातून.

“काय म्हणाल्या?” समोर बसलेल्या जुईने विचारलं. “मला मालवणी अर्धीच कळते.”

“पान सुकं आहे म्हणाली. लाखेला चकाकी आणायला केवड्याचं ओलं पान लागतं. आणून देणाऱ्याला शिव्या घालतेय.” तृप्तीला हसूही येत होतं आणि हुंदकाही, आणि दोघांनी एकाच दारातून घुसायचा प्रयत्न केल्यामुळे दोन्ही अडकून बसली होती.

बाहेर ओट्यावर तृप्तीचे वडील, आबा, एका बाहुलीचे डोळे रंगवत बसले होते. त्यांनी ब्रश पाण्याच्या पेल्यात बुचकळला आणि पेल्याच्या काठावर दोनदा आपटला. टक, टक. ही त्यांची जन्माची सवय. ब्रश नसेल तेव्हा चहाचा चमचा.

“आबा,” तृप्तीने हाक मारली, “हय येवा. आई बोलता.”

जुई आठल्ये गोव्यातल्या एका प्रयोगशाळेत काम करायची. वय तिशीच्या आत, चष्मा नाकावरून सतत घसरलेला. तिच्या गटाने शोधलेली गोष्ट ऐकायला चमत्कार वाटे, पण ती समजावून सांगायची तेव्हा शाळेतल्या पोरालाही कळे. लाकूड लेथवर गरगर फिरत असतं. कारागीर लाखेची काठी त्याच्यावर दाबून धरतो आणि सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेतो. घासण्याच्या उष्णतेने लाख वितळते, लाकडावर धाग्यासारखी गुंडाळत जाते आणि क्षणात थिजते. त्या क्षणी कोणी बोलत असेल, तर आवाजाने काठी थरथरते आणि ती थरथर लाखेच्या जाडीत उतरते. केसाहून कितीतरी पट बारीक. जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर चर असायचे, तसंच. फरक इतकाच, की ही तबकडी करणाऱ्याला ती तबकडी आहे हेच ठाऊक नसायचं. वरून केवड्याचं पान फिरलं की पृष्ठभाग गुळगुळीत होतो, पण आतल्या थराला धक्का लागत नाही. जुईचं यंत्र साध्या उजेडापलीकडच्या लहरी लाखेतून आरपार पाठवायचं आणि तो थर वाचायचं.

सावंतवाडीच्या चितारआळीतले आणखी दहा कारागीर तिने तपासले होते. त्यांच्या खेळण्यांत नुसती खरखर. हेमलता चितारी मात्र लख्ख बोलत होती. त्याचं कारण तृप्तीनेच सांगितलं. शेवटची दहा-बारा वर्षं आईची मनगटं दुखायची, म्हणून ती लाखेच्या काठीची मूठ गळ्याखालच्या हाडाला टेकवून, वर हनुवटी दाबून धरायची. आळीतल्या बायका हसायच्या, “हेमा व्हायोलिन वाजयता.” तिचा आवाज हवेतून नाही, हाडातून थेट लाखेत जायचा.

आबा आत आले. जुईने हेडफोन त्यांच्या कानांवर बसवला. ते ऐकत राहिले आणि हळूहळू त्यांचा हात पुढे येऊन भोवऱ्यावर टेकला, एखाद्याचा ताप बघावा तसा.

“आमची हेमा,” ते म्हणाले.

तृप्तीने मान वळवली. आबांच्या तोंडून आईचं नाव तिने शेवटचं ऐकलं, त्याला बारा-तेरा वर्षं तरी झाली असतील.

*

बातमी आळीभर झाली आणि लोक घरातली खेळणी घेऊन यायला लागले. गावात बिनड्रायव्हरच्या रिक्षा आल्या होत्या, त्यांच्या मागच्या सीटवर एकटंच लाटणं बसून आलेलंही तृप्तीने पाहिलं. लाटणी, खुळखुळे, पाळण्याचे खांब. प्रत्येकात हेमलताचं अर्धं मिनिट, कधी त्याहून कमी. कुठे सूर चुकवत गुणगुणणं, कुठे कावळ्याला दटावणं. “थांब रे बाबा, भात शिजाक होयो मां?” एका डमरूत ती नुसतीच हसत होती, कशाला ते कोणालाच कळेना, तरी ऐकणारा प्रत्येक जण हसला.

परबांच्या सुनेने आणलेल्या लाटण्यात आई म्हणत होती, “ह्या लाटणा जातला परबांच्या सुनेकडे. तिची चपाती म्हणजे चामडा. लाटणा काय करतला?”

सून आधी लाल झाली आणि मग हसून हसून खाली बसली. “काकी, सुधारलेत ओ माझे चपात्ये!” तिने लाटण्यालाच सांगितलं. जाताना ते पदराखाली धरून, तान्हं न्यावं तसं घेऊन गेली.

आबा रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून यंत्रापाशी बसायचे. आलेल्या माणसाला स्वतः सांगायचे, हेमा कुडाळची, लग्न होऊन आली तेव्हा तिला लेथ म्हणजे काय ठाऊक नव्हतं, माझा खांदा निखळला आणि तिने सहा महिन्यांत लेथवर हात बसवला. “असो हात आळीत कोणाचो नाय.” लोक माना डोलवायचे. असा जोडा आता बघायला मिळत नाही, म्हणायचे. जी माणसं आळीतच जन्मली आणि आळीतच म्हातारी झाली, तीही म्हणायची, आणि म्हणताना तृप्तीच्या डोळ्याला डोळा देत नसत.

कारण आळीला ठाऊक होतं. बारा-तेरा वर्षांपूर्वी एकदा मुंबईहून चित्रीकरण करायला माणसं आली होती. दुकानावर आबांच्या नावाची पाटी, ‘भालचंद्र चितारी आणि मुलगे’; मुलगा एकच, समीर, आणि तो पुण्याला विमा विकायचा. पाहुण्यांनी आबांना लेथवर बसायला सांगितलं. आबा बसले. खांदा निखळल्यापासून त्यांनी काठी हातात धरली नव्हती, तरी बसले, कारण कॅमेरा होता. काठी घसरली, लाकडावर ओरखडा उठला. आई दारातून हसत म्हणाली, “अहो, त्यांना नाही जमायचं ते. लेथ मी चालवते. ते नुसते डोळे काढतात.” सगळे हसले. चांगल्या मनाने हसले. चित्रफितीत ते हसणंही आलं.

त्या दिवसापासून आबा आईशी बोलले नाहीत.

भांडण झालं नाही, ताट आपटलं नाही. दोघं त्याच खोलीत, दोन हातांच्या अंतरावर काम करत राहिली; ती लेथवर, ते रंगावर. लग्न होईपर्यंत तृप्ती त्यांच्यातली टपाल होती. “तुझ्या आवशीक सांग, मीठ कमी आसा.” आवस समोरच वाढत उभी. तृप्ती सांगायचीही, “आई, मीठ कमी आहे,” जणू दोघींनी ते आत्ताच पहिल्यांदा ऐकलं. ती सासरी गेल्यावर हे काम मांजराकडे गेलं. आणि सगळ्यांनी मिळून एक वाक्य तयार केलं होतं, पाहुण्यांसाठी, सोयऱ्यांसाठी, स्वतःसाठी सुद्धा. आबा मुळातच कमी बोलतात.

आई मात्र बोलत राहिली होती. तेच आता लाखेतून बाहेर येत होतं.

*

“ताई, मला एक गोष्ट छळतेय,” जुई एका दुपारी म्हणाली. पेज-भात जेवून दोघी ओट्यावर बसल्या होत्या. आबा आत लवंडले होते. “कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. पाववाल्याचा भोंगा ऐकू येतो. समोरच्या घरातली मालिका, कावळे, सगळं. मग काकांचा आवाज का नाही? ते तर शेजारीच बसायचे ना?”

“आबा मुळातच कमी बोलतात,” तृप्ती म्हणाली. वाक्य इतकं घासलेलं, की जिभेवरून आपोआप घरंगळलं.

“कमी म्हणजे किती कमी? तीनशेच्या वर वस्तू वाचल्या मी. एक हुंकारसुद्धा नाही.” जुईने चष्मा वर केला. “आणि गंमत बघा. काकी प्रश्न विचारतात. ‘चाय टाकू?’ मग थांबतात. लाखेचा हात चालू असतो, पण बोलणं थांबतं. बरोब्बर उत्तर मावेल एवढी जागा सोडतात आणि मग पुढचं बोलतात. म्हणजे उत्तर आलेलं असणार. ते माझ्या यंत्राने गाळलंय. पुरुषी, खालच्या पट्टीतला आवाज गाळत असेल, तर माझ्या सगळ्या कामावर प्रश्नचिन्ह आहे, ताई.”

तृप्तीच्या डोळ्यांसमोर ती जागा आली. आईची मान किंचित कललेली. एवढं सोडून थांबायचं, मग पुढे जायचं. वर्षानुवर्षं. आपल्याला ते आईचं दम खाणं वाटायचं.

आता सांगावं, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात आतून आबांचं खोकणं आलं आणि ती म्हणाली, “असेल काहीतरी यंत्राचं.”

जुईने मग यंत्राचं औषध यंत्रालाच विचारलं. जुन्या गोदामात लाकडी खेळण्यांचं संग्रहालय उभं राहत होतं. त्यातल्या एका दालनात ‘एका कारागीर जोडप्याचा संसार’ ऐकू येणार होता, आणि उद्घाटन आईच्या वर्षश्राद्धाच्या आसपास ठरलं होतं. अर्धाच संसार कसा ऐकवायचा? लग्नाच्या चित्रफिती, पोरांच्या बारशाच्या, समीरच्या फोनमधले निरोप, एवढ्यावरून संगणकाला आबांचा आवाज शिकवता आला. आईचा प्रश्न आणि पुढचं वाक्य बघून मधल्या जागेत काय बसेल, हे त्याने स्वतःच ठरवलं. जुईने कागदोपत्री त्याला ‘अंदाजे पूर्तता’ असं नाव दिलं होतं. दालनात मात्र तसं लिहिलं तर मजा जाते, असं संग्रहालयाच्या लोकांचं म्हणणं पडलं.

“चाय टाकू?” आईने लाखेतून विचारलं.

“टाक गो. आलां घाल वायच,” आबांचा आवाज म्हणाला.

खरे आबा समोर खुर्चीत बसले होते. त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि दाढी केलेल्या गालावरून सरळ खाली गेलं, वाटेत अडायला काही नसल्यासारखं.

“परत लाव,” ते म्हणाले.

त्या दिवसानंतर ते सुधारले. दोन घास जास्त जेवू लागले, शेजाऱ्यांकडे जाऊ लागले. एकदा चहा पिताना तृप्तीला म्हणाले, “आल्याचो चाय मी तिका नेहमी सांगी.” तृप्तीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. चेष्टा नव्हती. जे घडलं नाही ते त्यांना आठवायला लागलं होतं, आणि ते आठवणं त्यांना मानवत होतं.

“मग मानवू दे की,” समीर फोनवर म्हणाला. “आई तर गेली. आता जे राहिलेत त्यांना सुखाने राहू दे. तू मध्ये कशाला पडतेस?”

“मी मध्येच तर होते, समीर. टपाल होते मी.”

“झालं. चालू झालं तुझं.”

त्याने फोन ठेवला. फोन ठेवणं हा त्या घराण्याचा गुणच होता.

*

तृप्तीच्या धाकटीसाठी आईने खुळखुळा केला होता. तो तिने मुद्दाम शेवटी आणला. आईच्या हातची शेवटची वस्तू. त्याच आठवड्यात ती गेली, मोरीत हात धुताना. तृप्तीला वाटलं होतं, ह्यात नातीचं नाव असेल. आबा श्राद्धाच्या सामानासाठी बाजारात गेले होते, तेव्हा तिने जुईला तो वाचायला लावला, भर न घालता, जसा आहे तसा.

“आज काय तां जड जड वाटता,” आई म्हणाली. आवाज नेहमीचा, तक्रारीसारखासुद्धा नाही. “छातीत दुखता माका. आयकतास मां?”

जागा.

त्या जागेत, अगदी जवळून, टक, टक.

मग लेथची घरघर, आणि आई पुन्हा, “बरां. आधी पोरीक खुळखुळो पाठवून मगे बघूया.”

जुई मालवणीतलं अर्धं समजणारी होती. ‘छातीत’ तिला कळलं. “अरे देवा,” ती हळूच म्हणाली. “काकांनी लगेच नेलं असेल ना दवाखान्यात?”

तृप्तीने खुळखुळा हातात घेतला. तो तिने रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला.

“हा नको घेऊस दालनात,” ती म्हणाली.

“ताई, हा सगळ्यात स्वच्छ नमुना आहे. शेवटची वस्तू म्हणून संग्रहालयाने यादीत तिला आधीच सगळ्यात वर जागा ठेवलीय. भर घातलेली प्रत रात्रीपर्यंत तयार होईल.” मग जुई थांबली. “काही कारण आहे का? सांगा ना. कारण असेल तर मी भांडेन त्यांच्याशी.”

कारण सांगायला एक वाक्य लागत होतं. ते सांगितलं, तर आबांचं सुख मोडणार होतं. सत्तरीच्या माणसाला ‘तुम्ही ऐकलंत आणि ब्रश आपटलात’ असं तोंडावर सांगण्यासारखं ते होतं. न सांगितलं, तर आई कायमची त्या बाईत बदलणार होती, जिला नवऱ्याने प्रेमाने उत्तरं दिली. येणारी-जाणारी शाळेची पोरं तेच ऐकणार. तृप्तीची धाकटीही तेच ऐकणार. आणि ज्या बाईने उत्तर येत नाही हे ठाऊक असून शेवटच्या आठवड्यापर्यंत जागा सोडायचं सोडलं नाही, ती बाई कुठेच उरणार नाही.

“नाही,” तृप्ती म्हणाली. “कारण काही नाही.”

*

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी रंगीत तालीम झाली. गोदामाच्या भिंतींना ओल्या चुन्याचा वास होता. मधोमध काचेच्या पेटीत आईची लेथ, चादर काढलेली, पुसलेली; मांजराला घरी ठेवावं लागलं होतं. आळीतली चार माणसं होती, परबांची सून होती, समीर पुण्याहून आलेला होता. आबांना पुढच्या खुर्चीवर बसवलं. जुईने त्यांच्या हातात चहाचा पेला दिला.

चहाचा प्रश्न झाला, आल्याचं उत्तर झालं. कावळ्याची दटावणी झाली, आबांच्या आवाजाने त्यावर काहीतरी गमतीचं म्हटलं, लोक हसले. तृप्ती भिंतीला टेकून उभी होती. पुढे काय येणार ते तिला ठाऊक होतं.

“आज काय तां जड जड वाटता. छातीत दुखता माका. आयकतास मां?”

“ठेव ता काम,” आबांचा आवाज म्हणाला, घोगरा, काळजीने भिजलेला. “ऊठ. डॉक्टराकडे जावया.”

परबांच्या सुनेने पदराने डोळे टिपले. समीरने खाली पाहिलं. कोणीतरी मागून म्हणालं, “किती जीव व्हतो तेंचो.”

आबा हलले नाहीत. पुढचे दोन तुकडे वाजून गेले. मग त्यांनी हात वर केला.

“मागचा परत लाव.”

जुईने लावला.

“आता माझो आवाज काढून लाव.”

जुईने तृप्तीकडे पाहिलं. तृप्ती लेथकडे बघत राहिली. जुईने पडद्यावर बोट फिरवलं. आईने पुन्हा विचारलं. त्यानंतर शांतता आली, धुऊन पुसून लख्ख केलेली.

“हयसर टकटक होती,” आबा म्हणाले.

“काय, काका?”

“टकटक. दोनदा. ती खय गेली?”

“ती… हो, होती. ब्रशासारखं काहीतरी. पण ते सगळ्याच नमुन्यांत मध्ये मध्ये यायचं, म्हणून गोंगाट धरून गाळून टाकलं.” जुईचा चष्मा घसरला आणि तिने तो सावरला नाही. “तुम्हाला कसं ठाऊक? हा नमुना तुम्ही कधी ऐकलाच नाहीत.”

“परत घाल ती.”

तिने घातली. दालन जवळजवळ रिकामं असल्यामुळे आवाज मोठा आला.

आयकतास मां?

टक. टक.

“म्हणजे तुम्ही तिथेच होतात,” जुई सावकाश म्हणाली, शास्त्रज्ञाच्या भाबड्या हट्टाने, हिशेब जुळत आल्यासारखी. “ब्रश ऐकू येतो. मग आवाज का नाही येत? यंत्र तर बरोबर चाललंय.”

तृप्ती भिंतीपासून सुटली. पाय आपोआप त्या दोघांच्या मध्ये आले, नेहमीसारखे. “जुई, आबा मुळातच कमी—”

“ऱ्हवांदे, बाय,” आबा म्हणाले. “माझ्या वाटणीचा तू खूप बोललंस.”

त्यांनी हातातला पेला खाली ठेवला. चमचा त्यात तसाच होता. त्यांनी त्याला हात लावला नाही. ते काचेच्या पेटीकडे बघत होते, लेथसमोरच्या आईच्या बुटक्या स्टुलाकडे, आणि मान थोडी कलती करून थांबले होते, समोरून कोणी काही विचारलं असावं तसे.

“यंत्र तुझा बरोबर आसा गो पोरी,” ते म्हणाले. “दुसरो आवाज नायच त्यात. मी हेमावांगडा बोलत नव्हतंय. ती इचारत ऱ्हवली, मी सगळा आयकलंय, आणि बोलूक नाय.”